शपथेच्या घरी जेवायला काय होतं?

मला आयुष्यात एकच इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ आहे, आणि ते एका घराचं माहितीपुस्तक आहे. पातळसं, गुळगुळीत कागदाचं, वर घराचा फोटो. मुखपृष्ठावरच्या नावापासून पाठीमागच्या 'सोमवारी बंद'पर्यंत सगळं. आजही कुणी पहिली ओळ म्हटली तर पुढचं मी म्हणून दाखवेन, फक्त मध्ये कुणी थांबवायचं नाही. थांबवलं की पुन्हा परिच्छेदाच्या सुरुवातीला जावं लागतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या एका गारठलेल्या शहरात आम्ही राहत होतो. ह्यांना तिथल्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी होती. शहराच्या मोठ्या रस्त्यावर लाल विटांचं, पांढऱ्या खांबांचं एक जुनं घर होतं. फार वर्षांपूर्वी देशाचे राष्ट्राध्यक्ष अचानक वारले, तेव्हा त्यांच्या जागी येणारे गृहस्थ नेमके राजधानीपेक्षा आमच्या शहराला जवळ अशा ठिकाणी प्रवासात होते. राजधानी लांब, देश बिनराष्ट्राध्यक्षाचा ठेवायचा तरी किती वेळ? तेव्हा ते इथल्या एका मित्राकडे उतरले आणि त्या मित्राच्या घरातल्या लायब्ररीत घाईघाईनं शपथविधी उरकला. अंगावर प्रवासाचे कपडे, म्हणून काळा कोटही मित्राचाच घातला. संध्याकाळी पाहुणे पुढे निघून गेले. तेवढ्यावर ते घर ऐतिहासिक झालं, त्याला तिकीट लागलं आणि आतल्या खोल्यांना लाल मखमली दोऱ्या.

आम्हा मराठी मंडळींत त्याचं नाव 'शपथेचं घर'. भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना आधी सरोवर दाखवायचं, मग मॉल, मग शपथेचं घर, असा क्रम ठरलेला होता. नागपूरहून आलेल्या एका काकांनी सगळं घर नीट पाहिलं आणि बाहेर पडताना ह्यांना विचारलं, "म्हणजे राष्ट्राध्यक्ष इथे राहत नव्हते?"

"नाही काका. फक्त शपथ घेतली."

"मग तिकीट कसलं लावलंय?"

मला मात्र ते घर पहिल्या दिवसापासून आवडलं. एक तर आत हीटर छान होता. आणि दुसरं म्हणजे तिथली गाइड. हातात काही न घेता ती बाई दोरीचा आकडा काढून आत शिरायची, आम्ही सगळे बाहेर उभे राहायचो, आणि ती बोलायला लागली की पोरंसोरंसुद्धा गप्प व्हायची. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी उघड उघड. पुण्यात मी शाळेत शिकवत होते. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा माझा. इथे व्हिसावर 'डिपेंडंट' असा शिक्का, नोकरी करायची नाही, आणि दिवसभरात माझा आवाज वापरायचा तो 'अहो, डबा राहिला' म्हणायला नाहीतर फोनवर 'राँग नंबर' म्हणायला. बँकेत गेलं तरी काउंटरवरची मुलगी माझ्या खांद्यावरून मागे बघायची, नवरा कुठे आहे म्हणून. मला त्या दोरीच्या पलीकडे जाऊन बोलायचं होतं. एवढं एकच हवं होतं मला त्या देशाकडून.

संधी आपणहून आली. पाहुण्यांना घेऊन मी इतक्यांदा तिथे जायचे की तिथल्या मुख्य बाईंच्या डोळ्यात भरले. या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, चष्मा साखळीला लावून गळ्यात अडकवलेला. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'हेडबाई' ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "तू एवढी येतेस, तर व्हॉलंटियर का होत नाहीस? पगार नाही, पण कॉफी मिळेल." आणि त्यांनी ते माहितीपुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "हे वाचून ठेव, मग बघू."

आता बाईंनी पुस्तक हातात देऊन 'वाचून ठेव, मग बघू' म्हटल्यावर आपल्याकडच्या पोरीनं काय करायचं असतं? मी घरी आले, पदर खोचला आणि पाठ करायला बसले.

पोळ्या लाटताना मी दर्शनी भागाचं वर्णन म्हणायचे. इस्त्री करताना झुंबर. कपडे वाळत घालताना घरमालकांची वंशावळ. शाळेत पावकी-निमकी ज्या चालीत म्हटली होती त्याच चालीत सगळं बसत गेलं. ह्यांना जेवायच्या टेबलावर पुस्तक धरून बसवायचे आणि 'चुकले तर सांगा' म्हणायचे.

"अगं, 'चित्र सात पाहा' हेही म्हणायचं?"

"पुस्तकात आहे ना?"

"आहे."

"मग?"

"यार, रिलॅक्स. कोणी बोर्डाला बसवलं नाहीये तुला," हे म्हणायचे आणि आमटीत पोळी बुडवायचे. पण त्यांनाच माझा अभिमान फार. आठवड्याच्या फोनवर त्यांनी साताऱ्याला आपल्या आईला सांगून टाकलं, "तुझी सून आता इथल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात गाइड होणार." फोनला खरखर फार असायची आणि सासूबाईंना उत्साह त्याहून जास्त. त्यांनी 'होणार' गाळलं आणि उरलेलं सगळ्या आळीला सांगितलं. उन्हाळ्यात त्या आमच्याकडे यायच्याच होत्या. आता त्या सुनेचा हुद्दा बघायलाही येणार होत्या.

माझी पहिली परीक्षा वसंत ऋतूत झाली. हेडबाई म्हणाल्या, "समज मी पाहुणी आहे. मला घर दाखव." मी दारात उभी राहिले, हात मागे बांधले, नजर छताला लावली आणि सुरू झाले. असा काही वेग होता की माझं मलाच कौतुक वाटलं. दिवाणखाना झाला, जिना झाला. चित्र सात पाहा, तेही झालं. जेवणाच्या खोलीत हेडबाईंनी मध्येच विचारलं, "हे टेबल मूळचंच आहे का?" मी थांबले. उत्तर मला माहीत होतं, पण ते त्या परिच्छेदात शेवटी होतं, आणि तिथे जायचं तर सुरुवातीपासून जाणं भाग होतं. मी खिडकीच्या पडद्यांपासून पुन्हा सुरुवात केली. हेडबाई शांतपणे पडदे, फडताळ, चांदीची भांडी ऐकत उभ्या राहिल्या आणि टेबल आल्यावर 'थँक यू' म्हणाल्या.

लायब्ररीपर्यंत त्यांनी मला पोचूच दिलं नाही. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "माय डिअर, हे आमचं पुस्तक आहे. ते आम्ही खाली काउंटरवर विकतो. लोक घरी नेऊन वाचतात. तुला काय सांगायचंय या घराबद्दल?"

मला? मला काय सांगायचं असणार? मी काय त्या शपथविधीला हजर होते? मला इतका राग आला की कान गरम झाले. एक अक्षर चुकलं नव्हतं माझं. आमच्या शाळेत एवढ्यावर पहिलं बक्षीस मिळालं असतं आणि इथे नापास. त्या म्हणाल्या, "घाई नाही. स्वतःच्या शब्दांत जमलं की पुन्हा बघू. तोवर काउंटर सांभाळ आणि थोडं डस्टिंग." घरी येऊन मी पुस्तक कोचावर भिरकावलं आणि ह्यांच्यावर ओरडले. ह्यांनी पुस्तक उचललं आणि निमूटपणे चहा टाकला.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे कुठल्या? इंग्रजीत माझे स्वतःचे शब्द फार थोडे होते, आणि ते बहुतेक भाजीबाजारातले होते. आरशासमोर उभं राहून मी प्रयत्न केला. 'धिस इज व्हेरी नाइस रूम' इथपर्यंत यायचं आणि पुढे पुस्तकातलं वाक्य धावत यायचं. त्याला हाकललं की काहीच उरायचं नाही.

अशातच सासूबाई आल्या. बॅगेत मेतकूट, लसणाची चटणी, आणि विमानात कुणी मागेल या भीतीनं हातातल्या पिशवीतच ठेवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा. साताऱ्याला सासऱ्यांच्या ओळखीपाळखी फार होत्या, त्यामुळे त्यांच्या घरात सदा कुणीतरी जेवायला असायचं. आमच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर कोणी दार वाजवत नाही, हे पाहून त्यांना पहिल्या आठवड्यातच काळजी वाटायला लागली. "तुमचं कुणाशी भांडण झालंय का?" त्यांनी मला हळूच विचारलं. आणि इलेक्ट्रिकच्या शेगडीची कॉइल लाल झाली की त्यांना वाटे घराला आग लागली. त्यांना एकटं ठेवून जाणं शक्यच नव्हतं. मी त्यांना शपथेच्या घरी सोबत न्यायला लागले.

पहिल्या दिवशी मी त्यांना हॉलमधल्या बाकावर बसवलं आणि नेहमीसारखा फडका घेऊन जिन्याचा कठडा पुसायला लागले. जरा वेळ त्या बघत राहिल्या. मग बाकावरूनच, पूर्ण साताऱ्याच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, हे काय करतेयस?"

"डस्टिंग, आई."

"घरची धूळ पुसायला तुला मशीन लागतं. आणि इथं लोकांच्या घरची धूळ फुकट पुसतेस?"

"आई, हळू बोला."

"कुणाला कळतंय? तो म्हणाला, तू इथं माहिती सांगतेस म्हणून. ती दुसरीच बाई सांगतेय." खरंच, आतून गाइडचा आवाज येत होता आणि माणसं हसत होती. सासूबाईंनी तिकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे, आणि विचारलं, "मग तू इथं आहेस तरी कोण?"

टोमणा मारला असता तर मी उलट बोलले असते. पण त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी कठडा पुसत वरपर्यंत गेले आणि तिथे वळणावर उभी राहून थोडी रडले. खाली आल्यावर हेडबाईंना सांगितलं, पुन्हा परीक्षा घ्या. त्या म्हणाल्या, बुधवारी.

बुधवारी बाहेर पाऊस पडत होता. बाहेर बरं ऊन असतं तर कदाचित कोणी आलंच नसतं, पण पावसामुळे शेजारच्या राज्यातलं एक वयस्कर जोडपं आत शिरलं. शेतकरी असावेत. म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे, त्यांच्या बायकोच्या अंगावर फुलाफुलांचा रेनकोट. हेडबाई म्हणाल्या, "बरं झालं. खरेखुरे पाहुणे मिळाले." मग त्या वही-पेन्सिल घेऊन मागे राहिल्या. सासूबाईंना मी सांगितलं की तुम्ही बाकावर बसा. "बसून बसून कंबर धरली," म्हणत त्या पर्स घेऊन आमच्या मागून निघाल्या.

दिवाणखाना कसाबसा पार पडला. 'धिस इज व्हेरी नाइस रूम,' मी म्हटलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. जेवणाच्या खोलीत टेबल मूळचं आहे हे मी आधीच सांगून टाकलं. मग आम्ही लायब्ररीच्या दाराशी आलो. दोरी लावलेली होती. पलीकडे ते लिहायचं टेबल, ती शेकोटी, ज्या जागी त्यांनी हात वर केला ती जागा. मी तोंड उघडलं आणि पुस्तकातलं वाक्य जिभेवर हजर झालं, चालीसकट. मी ते गिळलं. दुसरं काही आलं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. हेडबाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली मला दिसत होती. संपलं, असं वाटलं. आता जन्मभर कठडे पुसायचे.

"अगं, गप्प का झालीस?" मागून सासूबाई.

"आई, थांबा ना. परीक्षा चाललीय माझी."

"चालू दे की. मला एवढंच सांग, तो माणूस प्रवासातून आला होता ना इथं?"

"हो. रात्रभर प्रवास करून."

"रात्रभर! मग त्याला जेवायला काय घातलं?"

सगळं पुस्तक मी डोक्यातून सर्रकन फिरवलं. झुंबराच्या काचा कुठून आल्या ते होतं. गालिच्याचा रंग होता. न्यायाधीश कुठे उभे होते, कोट कुणाचा, घड्याळ कुणाचं, सगळं होतं. जेवण नव्हतं.

"ते लिहिलेलं नाही, आई."

"असं कसं? एवढा मोठा माणूस दारात येतो आणि काय खाल्लं ते लिहीत नाहीत?"

हेडबाईंनी विचारलं, त्या काय म्हणतायत? मी सांगितलं, "शी इज आस्किंग, व्हॉट डिड दे गिव्ह हिम टु ईट." रेनकोटवाल्या बाई एकदम पुढे सरकल्या. "हे मलाही विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. आम्ही तिघीही हेडबाईंकडे वळलो. हेडबाईंना त्या घराची वीट न वीट माहीत होती.

"आम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

सासूबाई आता थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. "घरच्या बाईला कधी कळलं, हे सगळे येणार म्हणून?"

"सकाळी. निरोप आला."

"म्हणजे सकाळी निरोप आणि दुपारी दारात राष्ट्राध्यक्ष! बरोबर माणसं किती?"

"खोली भरली होती. मंत्री, न्यायाधीश, पेपरवाले."

"आणि आदला राष्ट्राध्यक्ष गेलेला. म्हणजे देशाला सुतकच की गं. बिचारीला चूल पेटवावी की पेटवू नये, इथपासून प्रश्न."

प्रत्येक वाक्य मला पाहुण्यांना इंग्रजीत सांगावं लागत होतं, कारण रेनकोटवाल्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सुतक म्हणजे काय, हे त्या माहितीपुस्तकात कुठून असणार? मी सांगितलं, आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात. तोडकंमोडकं सांगितलं, भात दोन्ही हातांनी दाखवला. पण त्या बाईंना कळलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या गावात कुणी वारलं की सगळ्या बायका चर्चच्या तळघरात 'कॅसरोल' नावाचा बटाट्याचा भाजलेला प्रकार गरम करत असतात आणि वरची प्रार्थना त्यांना कधीही ऐकायला मिळत नाही. हे मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. "बघ!" सासूबाई म्हणाल्या, आणि रेनकोटवाल्या बाईंचा हात धरला.

"ती उभी कुठं होती मग? शपथेच्या वेळी?"

यावर पुस्तकात एक ओळ होती. 'घरच्या बाई दाराजवळ उभ्या होत्या.' ती ओळ मी कितीदा म्हटली असेन, पोळ्या करताना, कपडे वाळत घालताना. आता पहिल्यांदाच मी त्या दारात जाऊन उभी राहिले. उजवीकडे लायब्ररी दिसत होती. डावीकडे पाहिलं तर स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ सरळ समोर होता. मला हसूच आलं. मराठी घरात सत्यनारायण असला की घरची बाई अगदी अशाच जागी सापडते, एक डोळा पूजेवर आणि एक शिऱ्यावर.

मग मी बोलायला लागले. मी सांगितलं की ही बाई इथेच का उभी राहिली ते मला माहीत आहे. आत देशाचा कारभार एका हातातून दुसऱ्या हातात जात होता, आणि तिचं लक्ष होतं की मागे कॉफी उकळून चाललीय का. माणसं जास्त आलीयत, कप पुरतील का. नवऱ्याचा चांगला कोट तर पाहुण्याच्या अंगावर गेलाय, आता नवरा काय घालणार. हा प्रसंग मनापासून बघायची तिची इच्छा असणार, कारण असं काही पुन्हा तिच्या घरात घडणार नव्हतं, आणि तरी तिला तो निम्माच दिसला. माझी इंग्रजी क्रियापदं कुठल्या कुठे जात होती. कुणी हसलं नाही. म्हातारे गृहस्थ टोपी छातीशी धरून बोळाकडे बघत होते.

"कोट परत केला का त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

हे हेडबाईंना माहीत होतं. "केला," त्या म्हणाल्या.

"धुऊन?"

मी भाषांतर केलं. हेडबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून सुटून साखळीला लोंबकळला.

इथे सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण निघताना आम्ही जेवणाच्या खोलीतून गेलो, आणि सासूबाईंनी पर्स उघडून लाडवांचा डबा काढला. "या घरातून इतकी वर्षं लोक रिकाम्या तोंडानं परत जातायत," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीच्या बरोब्बर खाली उभं राहून त्यांनी वाटायला सुरुवात केली. आधी रेनकोटवाल्या बाईंना, मग त्यांच्या यजमानांना. गृहस्थांनी लाडू सफरचंदासारखा चावला आणि तो भुगा होऊन त्या ऐतिहासिक गालिच्यावर सांडला. मला भोवळ यायची बाकी होती. एका मुंगीच्या भीतीनं जिथे आम्ही चॉकलेटसुद्धा खिशात ठेवत नव्हतो, तिथे बेसन! तोवर सासूबाई हेडबाईंपुढे उभ्या राहिल्या होत्या, हात पुढे करून.

हेडबाईंनी पाटीकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. मग वही काखेत धरली, दोन्ही हातांची ओंजळ केली, लाडू घेतला आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग खाली वाकून गालिच्यावरचा भुगा स्वतः तळव्यावर गोळा करायला लागल्या. मीही धावले. आम्ही दोघी टेबलाखाली गुडघ्यांवर असतानाच त्या मला म्हणाल्या, "शनिवारी अकराची टूर तुझी. पुस्तक घरी ठेवून ये."

मी तिथेच, टेबलाखाली, त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं मला आणखी एक कण सापडला.

शनिवारी मी दोरीचा आकडा काढला आणि पलीकडे गेले. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उन्हाळ्यात त्या माझ्या प्रत्येक टूरला यायच्या आणि लायब्ररीपाशी पोचलो की मराठीतून ठरलेला प्रश्न विचारायच्या. मी वळून लोकांना त्याचा अर्थ सांगायचे आणि तिथून माझी गाडी सुरू व्हायची. पानगळीच्या सुमारास त्या साताऱ्याला परत गेल्या, तेव्हा पहिल्या शनिवारी लायब्ररीच्या दाराशी मी सवयीनं थांबले. कोणीच विचारलं नाही. मग मीच विचारलं.

हेडबाईंनी मात्र तो प्रश्न सोडला नाही. हिवाळाभर त्या जुनी वर्तमानपत्रं चाळत होत्या, त्या घराण्यातल्या वंशजांना पत्रं पाठवत होत्या. कोटाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले, जेवणाबद्दल कोणी नाही. दोन हिवाळ्यांनी माहितीपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. हेडबाईंनी काउंटरवरची पहिलीच प्रत उघडून माझ्यापुढे धरली आणि बोट ठेवून दाखवलं. दाराजवळ उभ्या राहिलेल्या बाईच्या ओळीखाली एक नवी ओळ आली होती.

त्या रविवारी मी ती साताऱ्याला फोनवर वाचून दाखवली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. 'त्या दिवशी घरच्या बाईंनी पाहुण्यांना जेवायला काय वाढलं, याची नोंद कुठेही सापडत नाही.'

"म्हणजे मी विचारलं ते छापलं?" सासूबाई ओरडल्या. आता आळीत काय काय सांगितलं जाणार ते मला दिसायला लागलं.

"छापलं, आई."

"आणि लाडवांचं?"

"ते नाही छापलं."

"असू दे." मग म्हणाल्या, "पण काय गं, नोंदच नाही म्हणजे त्या बिचारीचं लोकांना कळायचं कसं?"

मी पुस्तक मिटलं, तोवर उत्तरही त्यांनीच दिलं.

"नसू दे नोंद," त्या म्हणाल्या. "सांगायला तू आहेस ना तिथं."